चित्र नाही, आवाज नाही, तरी पहाटेचे चार

रात्री अडीच वाजता पाणी प्यायला उठलेल्या वडिलांना मुलाच्या खोलीत उजेड दिसतो. संगणकाच्या काळ्या पडद्यावर पांढरी-हिरवी इंग्रजी अक्षरे भराभर वर सरकत असतात आणि मुलगा त्याहून भराभर टाइप करत असतो. ना चित्र, ना गोळीबाराचा आवाज. ‘काय रे, झोपला नाहीस अजून?’ ‘प्रोजेक्ट आहे, बाबा.’ वडील समाधानाने परत जातात. इंजिनीअरिंगचा मुलगा, कोडिंग करत असणार. चार-सहा महिन्यांनी हाच मुलगा सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत येतो तो डोकेदुखी, ॲसिडिटी, उतरलेले वजन आणि ‘अभ्यासात लक्ष लागत नाही’ अशा तक्रारी घेऊन. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ सगळे तपासून होते. रात्री किती वाजता झोपतोस आणि तोवर काय करतोस, एवढे विचारायचे मात्र बरेचदा राहून जाते.

त्या काळ्या पडद्यावर जे चाललेले असते त्याला ‘मड’ म्हणतात. मल्टी-यूजर डंजन या इंग्रजी नावाची ही आद्याक्षरे. चिखलाशी संबंध नाही. हा निव्वळ मजकुराचा खेळ. पडद्यावर लिहून येते की, तुम्ही एका मोडक्या पुलावर उभे आहात, खाली नदी आहे, उत्तरेला किल्ल्याचा दरवाजा आणि दरवाजात पहारेकरी. ‘एन’ हे एक अक्षर दाबले की खेळाडू उत्तरेला सरकतो. पहारेकऱ्याशी बोलायचे, लढायचे की त्याला चुकवून जायचे, हे शब्दांतच सांगायचे. त्याच वेळी त्या पुलावर आणखी तिघे-चौघे उभे असतात आणि ती खरी माणसे असतात. कुणी पोलंडमध्ये बसलेला, कुणी ब्राझीलमध्ये. त्यांना मदत करता येते, दगा देता येतो, नुसत्या गप्पाही मारता येतात. तलवारी, मंत्र, राक्षस, खजिना सारे वाचायचे आणि डोक्यात रंगवायचे. कादंबरीत रमणाऱ्याला हे परके वाटणार नाही. फरक एवढाच की, इथे पुस्तक मिटले तरी गोष्ट थांबत नाही. ती त्याच्यावाचून पुढे जाते.

या खेळाचे मूळ एका गुहेत आहे. अमेरिकेतील विल्यम क्राउदर हा संगणक-प्रोग्रामर. केंटकी राज्यातील मॅमथ केव्ह या अवाढव्य गुहांत शिरून पत्नीसह त्यांचे नकाशे करण्याचा त्याला छंद होता. संसार मोडला, गुहा सुटल्या, मुलींशी अंतर पडले. तेव्हा १९७५-७६च्या सुमारास त्याने आपल्या दोन मुलींना खेळता यावा म्हणून गुहेत हिंडण्याचा एक मजकुरी खेळ लिहिला. त्यात खेळाडू एकटाच असे. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने १९७८ मध्ये अशा जगात एकाच वेळी अनेकांना उतरवले आणि रिचर्ड बार्टल या सहाध्यायाने ते पुढे वाढवले. दिवसा विद्यापीठाचा संगणक कामाला जुंपलेला. त्यामुळे टेलिफोनच्या तारेवरून बाहेरून खेळायला येणाऱ्यांना मुभा असे ती मध्यरात्र उलटल्यानंतर, पहाटेपर्यंतची. म्हणजे या खेळाची आणि जागरणाची गाठ अगदी सुरुवातीच्या वर्षांतच पडलेली आहे. पुढे ‘मड’ म्हणजे ‘मल्टी अंडरग्रॅज्युएट डिस्ट्रॉयर’ असा विनोद परदेशी विद्यापीठांत रूढ झाला. पदवीचे विद्यार्थी गारद करणारे यंत्र! विनोद विद्यार्थ्यांनीच केला होता, हे विशेष.

आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा विद्यार्थ्यांना परवडणारे स्वस्त खाते फक्त अक्षरांचे होते. चित्रे दिसतच नसत. अशा खात्यावरूनही ‘मड’ मात्र खेळता येत असे. आज पन्नाशीकडे झुकलेल्या काही संगणक अभियंत्यांना ते दिवस आठवत असतील. तेव्हा हा खेळ मागे पडला, संपला असे समजण्याचे कारण नाही. १९९०च्या दशकात सुरू झालेली अशी कितीतरी जगे आजही चालू आहेत. शिवाय त्यांचा वंश मोठा आहे. कोपनहेगन विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या ‘डिकूमड’चा साचा १९९९च्या ‘एव्हरक्वेस्ट’मध्ये उतरला आणि तिथून २००४च्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये. आज लाखो मुले मोबाइलवर जे टोळी करून खेळतात, त्याची हाडे त्या काळ्या पडद्यावरची आहेत.

वैद्यकाच्या दृष्टीने याला महत्त्व आहे ते यासाठी. गेमच्या नादाबद्दल बोलताना घरात, शाळेत आणि दवाखान्यातही दोष दिला जातो तो भडक चित्रांना, रक्तपाताला, आवाजाला आणि अलीकडे पैशाच्या जुगाराला. या आरोपांत तथ्य नाही असे नाही. पण ज्या खेळात चित्र नाही, आवाज नाही आणि बहुतेक ठिकाणी एक रुपयाही लागत नाही, त्या खेळापायीही विद्यार्थ्यांनी वर्षे गमावली. मग पकड कशाची आहे?

हल्ली याचे उत्तर ‘डोपामाइन’ या एका शब्दात दिले जाते. हा शब्द आता वडापावच्या गाडीवरही ऐकू येतो. लंडनमधील संशोधकांनी १९९८ मध्ये आठ पुरुषांना रणगाडा चालवण्याचा एक व्हिडिओ गेम खेळायला दिला आणि खेळताना त्यांच्या मेंदूच्या एका भागात डोपामाइन स्रवते असे स्कॅनवर दाखवले. प्रयोग महत्त्वाचाच होता. पण मेंदूतील हे रसायन आवडते जेवण, गाणे, जिंकलेली कॅरमची बाजी अशा अनेक गोष्टींत हलते. एक मुलगा तासाभराने उठतो आणि दुसरा सूर्य उगवेपर्यंत उठत नाही, हा फरक केवळ त्याने उलगडत नाही.

उलगडा खेळाच्या रचनेत शोधावा लागतो. पहिली गोष्ट, या खेळाला मध्यंतर नाही. पाच जणांची टोळी राक्षसाच्या गुहेत शिरली आणि त्यातला जखमा बऱ्या करणारा जेवायला उठला, तर उरलेले चौघे मरतात. उठणे हा तिथे दगा ठरतो. आई हाक मारते तेव्हा मुलगा ‘पाच मिनिटं’ म्हणतो ते नेहमीच टाळण्यासाठी नसते; त्याच्या भरवशावर चार माणसे खरोखर उभी असतात. दुसरी गोष्ट, बक्षिसाची वेळ ठरलेली नसते. तोच राक्षस वीस वेळा मारला तर काही मिळत नाही आणि एकविसाव्यांदा दुर्मीळ ढाल मिळते. अनिश्चित बक्षीस प्राण्याला सर्वांत चिवटपणे कामाला लावते, हे मानसशास्त्राला कबुतरांवरच्या प्रयोगांपासून माहीत आहे. तिसरी गोष्ट प्रतिष्ठेची. एसेक्सच्या मूळ खेळात लढाईत मेलेल्या पात्राची सारी कमाई पुसली जाई. इतके धोक्यात घालून वरची पायरी गाठलेल्याला तिथे मान असतो, नवखे त्याला विचारून पाऊल टाकतात. वर्गात शेवटच्या बाकावर बसणाऱ्या, सेमिस्टरमध्ये दोन विषय राहिलेल्या मुलाला हा मान दुसरीकडे कुठे मिळतो?

बार्टल यांनी १९९६ मध्ये खेळाडूंचे चार प्रकार पाडले आणि त्यांना पत्त्यांची नावे दिली. चौकट म्हणजे कमाई आणि पायऱ्या यांच्या मागे असलेले, इस्पिक म्हणजे जगाचे कानेकोपरे खणून काढणारे, बदाम म्हणजे माणसांसाठी येणारे आणि किलवर म्हणजे दुसऱ्याला त्रास देण्यात मजा वाटणारे. ही वैद्यकीय वर्गवारी नव्हे, एका खेळ रचणाऱ्याचे निरीक्षण आहे. तरी ओपीडीत तिचा उपयोग आहे. ‘तू तिथे कशासाठी जातोस?’ या प्रश्नाचे उत्तर मिळाले तर पुढचा रस्ता दिसतो. वसतिगृहात एकटा पडलेला मुलगा रोज रात्री बदामाच्या पानासारखा तिथल्या चौकात नुसता बोलत बसत असेल, तर त्याचा लॅपटॉप काढून घेणे म्हणजे त्याचे उरलेसुरले मित्र काढून घेणे. आजार खेळाचा नसून एकटेपणाचा, क्वचित नैराश्याचा असतो आणि खेळ हे त्याने स्वतःच शोधलेले, अर्धवट लागू पडणारे औषध असते. कमाईच्या मागे लागलेल्याची गोष्ट वेगळी. त्याला बाहेर मोजता येईल असे काही यश मिळू लागले की पकड पुष्कळदा सैल होते.

निदानाचा इतिहासही थोडा मजेशीर आहे. न्यूयॉर्कमधील मनोविकारतज्ज्ञ इव्हान गोल्डबर्ग यांनी १९९५ मध्ये ‘इंटरनेट व्यसन’ या आजाराचे निकष लिहिले ते चक्क थट्टेने. लोकांनी ते खरे मानले. लगोलग किंबर्ली यंग या मानसशास्त्रज्ञ बाईंनी मात्र गंभीरपणे अभ्यास केला. तो १९९८ मध्ये छापून आला. इंटरनेटच्या आहारी गेलेले म्हणून त्यांनी नोंदवलेले ३९६ जण आठवड्याला सरासरी ३८.५ तास ऑनलाइन असत, इतर १०० जण ४.९ तास. या आहारी गेलेल्यांचा सर्वाधिक वेळ जाई तो गप्पांच्या खोल्यांत (३५ टक्के) आणि त्याखालोखाल मजकुरी खेळांत (२८ टक्के). हे लोक आपण होऊन पुढे आलेले होते, त्यामुळे त्यावरून समाजातील प्रमाण काढता येत नाही. पण एक गोष्ट त्यातून स्पष्ट होते. माहिती शोधणारे अडकत नव्हते, जिथे पलीकडे माणूस होता तिथे अडकत होते.

पुढे अमेरिकी मनोविकार संघटनेने २०१३च्या ‘डीएसएम-५’मध्ये या विकाराला अधिक अभ्यासाच्या यादीत ठेवले आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’ आला. ते वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्यातील कसोट्या तीन. खेळावरचा ताबा सुटणे. इतर आवडी आणि रोजची कामे मागे पडून खेळच सर्वांत पुढे येणे. आणि नुकसान दिसत असतानाही खेळ चालू राहणे किंवा वाढणे. हे साधारणपणे १२ महिने टिकले आणि शिक्षण, नोकरी, घर यांत ठळक बिघाड झाला, तर निदान करायचे. या व्याख्येत तासांचा आकडा कुठेही नाही. तो अनवधानाने राहिलेला नाही.

तो का नाही, हे नॉर्वेतील मॅट्स स्टीन या तरुणाच्या आयुष्यावरून कळते. ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी या स्नायू झिजवणाऱ्या आजाराने तो चाकांच्या खुर्चीला खिळला होता. आयुष्याच्या शेवटच्या दशकात त्याचे हजारो तास ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये गेले. पोराला मैत्री, प्रेम काही लाभले नाही, याचे आई-वडिलांना दुःख होते. २०१४ मध्ये पंचविसाव्या वर्षी तो गेला. वडिलांनी त्याच्या ब्लॉगवर निधनाची बातमी लिहिली आणि ज्यांची नावेही घरात कधी ऐकली नव्हती अशा माणसांची पत्रे येऊ लागली. कुणाला त्याने खचलेल्या दिवसांत धीर दिला होता, कुणाला आपल्या मुलाशी बोलायला शिकवले होते. काही जण परदेशातून अंत्यविधीला आले. नुसते तास मोजले असते तर हा मुलगा कुठल्याही तक्त्यात रोगीच ठरला असता.

मजकुरी खेळांना तर आज एक वेगळाच चाहतावर्ग लाभला आहे, तो दृष्टिहीनांचा. चित्रमय गेम त्यांच्यासाठी बंद दार. पण मजकूर असला की पडदा वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर तो कानात सांगते. ‘एनव्हीडीए’सारखे सॉफ्टवेअर मोफत मिळते. सरावलेला दृष्टिहीन खेळाडू ते इतक्या वेगाने ऐकतो की शेजारच्याला एक शब्द लागत नाही. ‘अल्टर ईऑन’सारख्या काही खेळांनी खास त्यांच्यासाठी सोयी करून ठेवल्या आहेत. लढाईत समोरच्याला कळतही नाही की आपल्याला हरवणारा पाहू शकत नाही. बोलताना अडखळणाऱ्यालाही इथे कुणी थांबवत नाही. ‘गेम म्हणजे वाईट’ असे सरसकट म्हणणाऱ्यांनी हे एकदा शेजारी बसून पाहायला हवे.

तरीही शरीर आपला हिशेब मागतेच, आणि भारतीय खेळाडूच्या बाबतीत तो जरा जास्त मागते. या खेळांचे बहुसंख्य खेळाडू युरोप-अमेरिकेत आहेत. लंडनला रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे दीड किंवा अडीच वाजलेले असतात. न्यूयॉर्कची रात्री आठची वेळ म्हणजे आपली पहाट, साडेपाच किंवा साडेसहा. टोळी जमते, मोठ्या मोहिमा निघतात त्या त्यांच्या संध्याकाळी. एसेक्समध्ये संगणक रात्री मोकळा असे म्हणून जागरण होई; इथे सोबती रात्री जागे असतात म्हणून होते. कॉल सेंटरची रात्रपाळी करणाऱ्याला निदान पगार आणि दिवसा झोपायची मुभा मिळते. या मुलाला सकाळी आठच्या लेक्चरला जायचे असते.

किशोरवयात झोपेचे घड्याळ आधीच तास-दोन तास पुढे सरकलेले असते आणि गरज असते आठ ते दहा तासांची. पहाटे चारला झोपून सातला उठणाऱ्याला रात्रीच्या उत्तरार्धातील स्वप्नांची झोप जवळजवळ मिळत नाही. शिकलेले पक्के होणे आणि मन ताळ्यावर राहणे यांत तिचा वाटा आहे. मग चिडचिड, विसराळूपणा, दुपारी लेक्चरला डुलक्या. त्यावर उतारा म्हणून एनर्जी ड्रिंक, चहा, रात्री दोनला मसालेदार नूडल्स. आणि त्यातून ती ॲसिडिटी. पडद्याचा निळा प्रकाश वाईट म्हणून चष्मे विकले जातात, पण लढाईच्या मध्यातून उठलेला मेंदू चष्म्याने शांत होत नाही. त्याला उतरायला वेळ लागतो. मजकुरी खेळात तर प्रत्येक ओळ वाचावी लागते. वाचताना पापण्यांची उघडझाप कमी होते, डोळे कोरडे पडतात आणि मुलाला वाटते नंबर वाढला.

हा खेळ बोटांचा असल्याने मनगटही कुरकुरते. अंगठा आणि शेजारच्या बोटांना रात्री मुंग्या येत असतील तर मनगटातील नस दबते आहे असे समजावे. करंगळीला येत असतील तर टेबलाच्या कडेवर टेकलेले कोपर पाहावे. बैठक फारच लांबली तर पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. न्यूझीलंडमधील डॉक्टरांनी २००३ मध्ये ३२ वर्षांच्या एका माणसाची नोंद प्रसिद्ध केली. तो रोज १२ आणि कधी १८ तास संगणकापुढे बसे. पायातील गुठळी फुप्फुसात गेली आणि जिवावर बेतले. असे क्वचित घडते. पण तासाभराने एकदा उठून जिन्यापर्यंत जाऊन यायला काही खर्च येत नाही.

कायद्याने हे सुटेल का? संसदेने २०२५ मध्ये पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, हे उत्तम झाले; कर्जबाजारी झालेली घरे त्यामागे होती. पण फुकटच्या खेळातील जागरणाला तो कायदा लागू पडत नाही, पडूही नये. दक्षिण कोरियाने २०११ मध्ये सोळा वर्षांखालील मुलांना मध्यरात्री ते सकाळी सहा ऑनलाइन गेम बंद केले होते. दहा वर्षांनी तो नियम मागे घेऊन वेळ ठरवण्याचे काम पालक आणि मुलांवर सोपवले.

आपल्याकडे पालक ते करतात, पण बहुधा रागाच्या भरात. राउटरची वायर उपटली जाते, लॅपटॉप कपाटात जातो, कधी मुलाचे खातेच पुसून टाकले जाते. तीन वर्षे जपलेले पात्र असे पुसणे म्हणजे मुलाच्या लेखी एक मृत्यूच असतो, आणि त्यानंतर त्याने भिंतीवर डोके आपटले की तेवढ्यावरून ‘बघा, व्यसन’ असे ठरते. त्याऐवजी एक संध्याकाळ खुर्ची ओढून शेजारी बसावे आणि ‘दाखव बरं काय आहे ते’ म्हणावे. टोळीत किती जण आहेत, मोहीम किती वाजता असते, ती शनिवारी आणि सुट्टीच्या आदल्या रात्री ठेवता येईल का, हे बोलता येते. मोहिमेच्या मध्यात न उठवता दोन मोहिमांच्या मधली वेळ ठरवली तर ती पाळली जाण्याची शक्यता वाढते. झोपेची वेळ एकदम चारवरून अकरावर येत नाही; आठवड्याला अर्धा-पाऊण तास मागे आणावी, आणि उठण्याची वेळ रविवारीही तीच ठेवावी.

एवढे करूनही महिनोन् महिने कॉलेज बुडत असेल, अंघोळ-जेवण सुटले असेल, खेळ नसतानाही मूल उदास बसत असेल किंवा जगण्यात अर्थ नाही असे बोलत असेल, तर मनोविकारतज्ज्ञाकडे न्यावे. या विकारावर म्हणून मान्यताप्राप्त गोळी नाही. विचार आणि सवयी बदलणारे समुपदेशन हा मुख्य उपचार; मागे नैराश्य, अति चंचलता किंवा लोकांत मिसळण्याची भीती असेल तर तिच्यावर औषधे असतात आणि ती लागू पडतात. बंगळूरुच्या ‘निम्हान्स’मध्ये २०१४ पासून तंत्रज्ञानाच्या आरोग्यदायी वापरासाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण सेवा आहे. तिथवर जाणे जमण्यासारखे नसेल तर वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मनोविकार विभाग असतो आणि केसपेपर स्वस्त असतो. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, विनामूल्य चालतो आणि तिथे मराठीत बोलता येते, रात्री अडीच वाजताही.